तिघींचं मिळून एक तिकीट

जळगावात राहून मला पंचवीस वर्षं झाली. या काळात चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या देवळात जायचं किमान वीस वेळा ठरलं आणि वीसही वेळा एकाच वाक्यावर मोडलं: "गाडी केली तरच जमेल." गाडी म्हणजे भाड्याची, ड्रायव्हरसकट. ती परवडायची तर सहा-सात माणसं हवीत. माणसं जमली की कुणाकडे बारसं निघतं, कुणाच्या पोराची परीक्षा निघते, आणि उरलेले चौघं म्हणतात की आता प्रत्येकी जास्त पडतील, पुढच्या महिन्यात बघू. घरची गाडी आमच्याकडे कधी नव्हती. एक स्कूटर आहे, ती शाळा आणि भाजीबाजार यापलीकडे गेलेली नाही.

मी गणित शिकवते. दरवर्षी नववीच्या पोरांना भास्कराचार्यांचं नाव सांगते. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी ज्या गावी मठ निघाला ते पाटण आपल्याच जिल्ह्यात आहे हेही सांगते, आणि एखादं पोरगं हमखास विचारतं, "मॅडम, तुम्ही पाहिलंय?" यावर मी काय उत्तर देत आले ते इथे लिहीत नाही.

शेवटी आईनेच विषय संपवला. ती शहात्तर वर्षांची. म्हणाली, "तुम्ही सगळी भावंडं लहान असताना आम्ही कुठे गाडी करत होतो? एसटीने नाशिक, एसटीने सप्तशृंगी, एसटीने पंढरपूर. आता पाटणा काय चंद्रावर गेलं?" शेजारच्या काकू म्हणाल्या, पितृपक्षात देवीला कशाला जाता, नवरात्र पंधरा दिवसांवर आलंय. त्यावर आईचं उत्तर तयार होतं. "नवरात्रात तिथे देवी दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. आणि पितृपक्षात देवी काय सुट्टीवर जाते?"

मग मी कागद घेऊन बसले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथात व्यस्तविधी नावाची एक रीत आहे. शेवटचं उत्तर हातात असतं, तिथून उलटं चालत मूळ संख्येपर्यंत जायचं. जिथे गुणलं होतं तिथे भागायचं, जिथे वर्ग केला होता तिथे मूळ काढायचं. एसटीने एका दिवसात जाऊन यायचं असेल तर याच रीतीने जावं लागतं. घरातून किती वाजता निघायचं हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. पहिला प्रश्न, तिथून परतीची शेवटची गाडी किती वाजता? ती एकदा सापडली की मागे मागे येत सगळं बसवता येतं.

तेव्हा आठवड्याआधी एका कामासाठी चाळीसगावला जाणाऱ्या सहकाऱ्याला मी बसस्थानकावर चौकशी करून यायला सांगितलं. त्याने चिठ्ठीवर वेळा लिहून आणल्या. पाटण्याची परतीची गाडी, साडेतीन. मी साडेतीनला गोल केला आणि तिथून उलटी मांडणी सुरू केली. ही चिठ्ठी लक्षात ठेवा.

वार मी शनिवार धरला, तोही दुसरा, म्हणजे मला सुट्टी. रविवार मुद्दाम टाळला. खेड्यातल्या एसटीचं वेळापत्रक बघितलं की कळतं, ते प्रवाशांसाठी कमी आणि शाळा-कॉलेजच्या पोरांसाठी जास्त बेतलेलं असतं. सकाळी पोरांना तालुक्याला आणायचं, दुपारी परत सोडायचं. शाळा बंद त्या दिवशी त्यातल्या फेऱ्या कमी होतात. शहरातल्या माणसाला मात्र फिरायला रविवारच सुचतो, आणि मग तो स्टँडवर बसून गाडीला शिव्या देतो.

तर १३ सप्टेंबर २०२५. पहाटे साडेपाचला आईच्या दशम्या झाल्या होत्या. दुधात मळलेली दशमी दोन दिवस मऊ राहते, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा तर आठवडाभर काही होत नाही. प्रवासाला हेच न्यायचं हे खान्देशात कुणाला सांगावं लागत नाही. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने वर शेव-मुरमुऱ्याची पुडी कोंबली. रेल्वेची तिकिटं मोबाईलवर काढली, लेकीचं अर्धं. साध्या तिकिटाचा एक नियम मात्र ध्यानात ठेवायला हवा: दोनशे किलोमीटरच्या आतलं अंतर असेल तर तिकीट काढल्यापासून तीन तासांत प्रवास सुरू करावा लागतो. म्हणून परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवायचा शहाणपणा करायचा नाही.

जळगाव ते चाळीसगाव नव्वदएक किलोमीटर. शिरसोली, म्हसावद, माहेजी करत गाडी पाचोऱ्याला आली तशी आई खिडकीकडे सरकली. ती मूळची शेंदुर्णीची. पाचोरा ते जामनेर ही छोटी गाडी, सगळे तिला पीजेच म्हणायचे, तिच्या माहेराच्या दारातून जायची. अडीच फुटी रूळ, छप्पन किलोमीटरची सगळी लाईन, आणि वेग असा की पहूरच्या अलीकडे माणूस उतरून, बोरं वेचून परत चढायचा, असं आई सांगते. बोरांची संख्या दर वेळी वाढते. ती गाडी २०२० मध्ये बंद झाली. आता रुंद रूळ होणार म्हणतात. आईने फलाटाच्या त्या अंगाला नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा सासरी याच गाडीने आले. रडायला पुष्कळ वेळ मिळाला." गाळण, नगरदेवळा, कजगाव, वाघळी या स्टेशनांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, कारण मला झोप लागली.

चाळीसगावला उतरून रिक्षाने बसस्थानक गाठलं. पाटण्याची गाडी लागलेलीच होती. गाडी हलली आणि कंडक्टर ताई पुढून सुरुवात करत आमच्यापर्यंत आल्या. त्यांनी काही विचारायच्या आत आईने आधार कार्ड पुढे केलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी मोफत. बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट. लेक बाराच्या आतली, तिचंही अर्धं. म्हणजे माझं अर्धं, तिचं अर्धं आणि आईचं शून्य. तिघींचं मिळून बरोबर एक तिकीट. लेकीने हे माझ्याआधी मोठ्याने सांगितलं. ताईंनी मशीनमधून तीन पट्ट्या काढून दिल्या, आईचीही शून्य रुपयांची. ती आईने घडी करून पाकिटात ठेवली.

"एसटी माझ्याहून एका वर्षाने मोठी," ती मला म्हणाली. खरंच आहे, पहिली गाडी १ जून १९४८ ला धावली आणि आईचा जन्म ४९ चा. "पण ती अजून भाडं घेते, मी द्यायचं सोडलं."

शेजारच्या बाकावर एक आजीबाई होत्या, मांडीवर रिकामी पाटी. त्यांनी आईला विचारलं, "कथा जानं शे?" आई अहिराणी बोलत नाही, तिच्या माहेरची बोली वेगळी, पण समजतं सगळं. "देवीला," आई म्हणाली. पुढे अठराएक किलोमीटर त्या दोघी दोन वेगवेगळ्या बोलींत सुनांबद्दल बोलत होत्या आणि दोघींचं एकमत होतं.

मी बाहेर बघत होते. कपाशी कमरेइतकी वाढलेली, तुरीचे पट्टे, मध्येच ऊस. समोर सातमाळ्याची रांग हिरवीगार, आणि ढग तिच्या निम्म्यावर टेकलेले. पाऊस या डोंगरात पडला की खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्या फुगतात. २०२१ साली ३१ ऑगस्टला एका रात्रीत अर्धं शहर पाण्यात गेलं होतं आणि कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या होत्या. गाडीतल्या माणसांना तो दिवस तारखेसकट पाठ आहे. हिरवा डोंगर बघून मी "किती छान" म्हटलं, तेव्हा मागच्या बाकावरचे एक काका म्हणाले, "लांबून छानच शे, ताई."

बसने पाटण्याच्या फाट्यावर सोडलं. देवीचं देऊळ गावात नाही, पुढे जंगलात आहे. तिथवर एका रिक्षाने नेलं. वाटेत वनखात्याचं नाकं लागलं, तिथे नावं लिहिली, पैसे भरले. हे सगळं गौताळा औट्रमघाट अभयारण्य. आपण जंगलात जातोय हे मला नाक्यावर कळलं; आईला मात्र आधीच कळलं होतं, तिने पिशवीचं तोंड बांधून मांडीखाली घेतलं होतं. माकडांचा अनुभव सप्तशृंगीचा.

पाटणादेवीचं, म्हणजे चंडिकादेवीचं, देऊळ उंच जोत्यावर आहे, दगडी, जुनं, आत गार अंधार. गर्दी नव्हती. नऊ दिवसांनी, नवरात्र लागलं की इथे माणूस माणसावर चढणार होता, आज पुजारी, आम्ही तिघी आणि नाशिककडचं एक जोडपं. आईने ओटी भरली आणि खांबाला टेकून बसली ती अर्धा तास उठली नाही. मागे डोंगरांची नालाकार भिंत, त्यात कुठेतरी वरून धवलतीर्थाचं पाणी पडत होतं. आवाज येत होता, धार झाडांतून एखाददुसऱ्या वेळीच दिसली.

मी ज्यासाठी आले होते ते मात्र डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतंच. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाडांनी इथल्या देवीच्या देवळातला एक शिलालेख उजेडात आणला. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा. लेख भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा. हा चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि त्यांचे इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला, आणि इथल्या निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला जमीन वगैरे उत्पन्न लावून दिलं. लेख संस्कृतात आहे, पण उत्पन्नाचा हिशेब आला की भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. इतकी वर्षं हे वाचून माहीत होतं. तिथे बसल्यावर मात्र त्यामागचं कारण सरळ वाटलं. स्तुती संस्कृतात चालते. कर कुणी किती द्यायचा हे ज्याने द्यायचंय त्याला कळायला नको? पाटणच्या पेठेत खपणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला, आणि गावात जेवढे तेलाचे घाणे फिरतात तेवढ्यांकडून पळी पळी तेल.

पळीभर तेल. मी लेकीला सांगितलं की इथे बीजगणित शिकवायला सरकारने तेल दिलं होतं. ती म्हणाली, "दिव्याला?" असेलही. रात्रीचा अभ्यास म्हणजे तेल लागणारच. मी इतकी वर्षं ते दान फक्त दान म्हणून वाचत होते, दिव्याचा विचार मला सुचला नव्हता.

भास्कराचार्य इथलेच का, यावर वाद आहेत. त्यांनी स्वतः आपलं गाव विज्जडविड म्हणून सांगितलं आहे, सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेलं. ते नेमकं कोणतं यावर विद्वानांचं एकमत नाही. शके १०३६ ला जन्म आणि छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' हे मात्र त्यांनीच लिहून ठेवलंय. वर्गात मी हे सांगते तेव्हा पोरं पुटपुटतात, आणि मॅडम तुमचं वय किती.

जेवायला नाशिककरांच्या शेजारीच बसलो. त्यांना वर पितळखोऱ्याला जायचं होतं, ती लेणी याच डोंगरात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. मलाही जायचं होतं. पण जंगलातून चढ, आईचे गुडघे आणि कागदावरचा साडेतीनचा गोल, यांची बेरीज जमेना. एसटीने येणाऱ्याला एका फेरीत एकच जागा नीट बघता येते, दुसरीची हाव धरली की दोन्ही धावत बघाव्या लागतात. हे मी माझ्या मनाला सांगत होते, मन काही ऐकत नव्हतं. ती दोघं गेली तेव्हा मी थोडी तोंड वाकडं करूनच दशमी मोडली.

लेक कंटाळायला लागली तसं मी तिला 'लीलावती'तलं भुंग्यांचं गणित घातलं. एका थव्यातले पाचवा हिस्सा भुंगे कदंबावर गेले, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोघांतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासात कुठे जाऊ कुठे नको करत हवेतच राहिला. तर थवा केवढा? तिने जोत्याच्या पायरीवर खड्याने मांडायला घेतलं. कदंब म्हणजे काय, कुडा कसा असतो, हेच जास्त विचारत होती. खाली रिक्षाजवळ उभ्या असलेल्या माणसाने कुड्याचं झाड बोटाने दाखवलं. बारा वर्षं मी हे उदाहरण फळ्यावर सोडवते आहे, कुडा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"पंधरा," लेक म्हणाली. तीन, पाच, सहा, एक. आईने ते बोटांवर मोजून खात्री करून घेतली.

आता ती चिठ्ठी. सव्वातीनला आम्ही फाट्यावर हजर, मी मनातल्या मनात खूश. पावणेचार झाले, गाडी नाही. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर सकाळच्या पाटीवाल्या आजीबाई भेटल्या, पाटीत आता सीताफळं होती.

"गाडी त गई ना, बेटा."

"अहो, साडेतीनची..."

"साडेतीनले ती चाळीसगावले पोचस."

म्हणजे साडेतीन ही वेळ खरी होती. सहकाऱ्याने खरी लिहून आणली होती, स्थानकावर कुणी खरी सांगितली होती. "परतीची गाडी किती वाजता?" असं चाळीसगावात उभं राहून विचारलं, तर समोरचा ती चाळीसगावात किती वाजता येते तेच सांगणार. "पाटण्याहून किती वाजता सुटते?" एवढे दोन शब्द कमी पडले. व्यस्तविधी मी बिनचूक केला होता. शेवटचं उत्तरच चुकीचं धरलं होतं, आणि मग एकही पायरी न चुकता ती चूक पहाटे साडेपाचपर्यंत मागे नेली होती. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी रीतीचे गुण दिले असते.

आईने रागवायची संधी सोडली, त्याचंच मला जास्त वाटलं. आजीबाईंनीच वाट काढली. "तठे रिक्षा उभी शे, भरनी का निंघस." भरली की निघते. भरली याचा अर्थ प्रत्येक चालकाचा वेगळा असतो. आमच्या चालकाचा अर्थ होता अकरा माणसं, एक शेळी आणि सीताफळाच्या दोन पाट्या. त्याला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात आईने सहा सीताफळं घेतली, आजीबाईंच्या थोरल्या सुनेचं उरलेलं प्रकरण ऐकलं आणि धाकटीला निरोप दिला. मी घड्याळ बघत होते. शेळी मला चिकटून उभी होती.

चाळीसगावात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि माझ्या कागदावरची शेवटची ओळ पुसली गेली होती. स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे त्यांचं संग्रहालय आहे. छायाचित्रकार, चित्रकार, टेबलावर कापूस-कागद-काटक्या मांडून त्यातून बर्फाच्छादित डोंगर उभे करून त्यांचे फोटो काढणारा माणूस. विलायतेत शिकून आलेला हा पारशी गृहस्थ या आडबाजूच्या गावात जवळपास पन्नास वर्षं घराबाहेर पडला नाही म्हणतात. १९८९ च्या ३१ डिसेंबरला गेले. आम्ही पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं, वेळ आम्हीच चुकवली होती.

गाडीला अजून अवकाश होता, म्हणून बाहेरच उभी राहून लेकीला ती गोष्ट सांगितली. चाळीसगावात सगळे सांगतात ती. मुंबईत त्यांचं एका मुलीवर प्रेम होतं. ते निघाले तेव्हा ती म्हणाली, एक दिवस पंजाब मेलने येईन आणि तुझ्याबरोबर जेवीन. मग हे रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला दार उघडून, टेबलावर दोघांचं जेवण मांडून बसायचे. पंजाब मेल पहिल्यांदा धावली १९१२ ला आणि मूस यांचा जन्मही त्याच सालचा, हेही मी सांगितलं. गणिताच्या बाईला असले योगायोग सोडवत नाहीत.

स्टेशनवर परतीची तीन तिकिटं काढली. इथे शून्याचं तिकीट नाही, आईचं पूर्ण, त्यावर ती काही बोलली नाही. बाकावर बसून आम्ही एक सीताफळ फोडलं. लेक गप्प होती.

"आपली गाडी पंजाब मेल आहे का?" तिने विचारलं.

"नाही गं. ती खूप उशिरा असते, रात्रीची."

आई बिया कागदात गोळा करत होती. तिचा हात थांबला.

"रात्रीची? मग तो माणूस रोज एवढ्या उशिरा जेवायचा?" ती म्हणाली. "आणि दुसऱ्या ताटाचं काय करायचा?"

मला माहीत नव्हतं. गाडीची घोषणा झाली, आईने कागदाची पुरचुंडी केली आणि लेकीचा हात धरून उठली.